आज काका कोण आहेत?

आमच्या ऑफिसात सकाळी आल्यावर पहिला प्रश्न चहाचा नसायचा. "आज काका कोण आहेत?" हा असायचा. खांद्यावरची बॅग खुर्चीला अडकवता अडकवता कोणीतरी विचारायचं, आणि आधी आलेला फळ्याकडे बघून सांगायचा, "आज हरसूलच्या मावशी आहेत. चष्मा घरी विसरल्यात." मग सगळे निमूट कामाला लागायचे. मावशी असल्या की दिवस वाईट जायचा. चष्मा विसरलेल्या मावशींना आमच्या स्क्रीनवरचं निम्मं दिसायचं नाही, आणि जे दिसायचं नाही ते त्या लिहून ठेवायच्या.

काका टेस्टिंगला होते. म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहायचा आणि त्यांनी तो वापरून त्यातल्या चुका काढायच्या. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत लिहिणारे आणि चुका काढणारे यांचं नातं नणंद-भावजयीचं असतं, तोंडावर गोड आणि मागे काय विचारू नका. पण बाकीचे टेस्टर निदान स्वतःच्या नावाने चुका काढतात. काकांच्या टेबलामागे शाळेत असतो तसला छोटा काळा फळा टांगलेला होता. रोज सकाळी ते त्यावर खडूने लिहायचे, आज आपण कोण. 'दिंडोरीचे तात्या. फवारणी करून आलेत. हात ओले.' 'सायखेड्याची सूनबाई. कडेवर पोर.' 'निवृत्त मास्तर. कशावरच विश्वास नाही.' एकदा लिहिलं की ऑफिस सुटेपर्यंत तेच. तात्या असले की टेबलावर पाण्याचा वाडगा ठेवायचे आणि त्यात बोटं बुडवून मोबाईल वापरायचे. सूनबाई असली की पाच किलो तांदळाची पिशवी डाव्या कडेवर घेऊन जिन्यात उभे राहायचे आणि उजव्या अंगठ्याने फॉर्म भरायचे. पंचावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर टक्कल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि कडेवर तांदूळ. मी नवीन होते तेव्हा पहिल्या दिवशी हसू दाबायला बाथरूममध्ये पळाले होते.

बोलायचेसुद्धा तसेच. एरवी आम्हाला ताई आणि तुम्ही. पण मावशी झाले की, "पोरी, हे लय बारीक लिवलंय गं. मला नाय दिसत."

"काका, बोटांनी मोठं करा ना."

"कसं गं मोठं करत्यात? मला कुनी शिकवलंच नाय."

आणि चेहरा इतका खरा भाबडा, की आपण चिडायचं विसरून त्यांना दोन बोटं फाकवून दाखवायला लागायचो. दाखवून झालं की आपणच मनात म्हणायचो, अरे देवा, हे हरसूलमध्ये कोण दाखवणार आहे? मग मुकाट्याने अक्षर मोठं करायचो.

आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस मशीन दिवसभर धप्प धप्प चालायचं आणि वर आमच्या चहाच्या कपात बारीक गोल लाटा उठायच्या. बाहेरची पाहुणी मंडळी दचकायची. आम्हाला मशीन थांबलं की दचकायला व्हायचं. दुपारी दीडला खालच्या कामगारांची जेवणाची सुट्टी झाली की ते थांबायचं, आणि मग अर्धा तास जी शांतता पडायची ती मी आजही कधीकधी झोपेत ऐकते. दक्षिणेच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसायचा. थंडीत त्याच्यावर दुपारपर्यंत धुकं रेंगाळायचं. काका त्या अर्ध्या तासात डबा न उघडता खिडकीत बसून राहायचे. एकदा विचारलं, काय बघता हो रोज? म्हणाले, "काही नाही ताई. उद्या कोण व्हायचं ते."

त्याआधी बावीस वर्षं ते स्विच बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला होते. बटण दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. खट्, खट्, खट्. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा लवकर निवृत्ती घेऊन बाहेर पडले, संगणकाचा क्लास लावला आणि आमच्याकडे आले. आमच्या सरांना सांगितलं म्हणे, "बटणं तुमच्याकडेही आहेत. दाबायला माणूस लागेलच." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस बटण दाबतो तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे असतं." दिवा लावणारा दिव्याचा विचार करत नाही, अंधारात काय शोधायचंय त्याचा करतो. म्हणून बटणाकडे बघून बटण तपासू नये, माणसाकडे बघावं, असं ते म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं तर, "मला एकट्यालाच घरी इतकी माणसं आहेत," म्हणायचे. हे ते विनोदाने म्हणायचे की खरंच, मला कधी कळलं नाही.

एकदा मला हरसूलच्या बाजाराला घेऊन गेले. सुट्टीचा दिवस, सकाळची एसटी, कडाक्याची थंडी, त्यात खिडकीची काच बंदच होईना आणि नाक गारठून गेलं. मला वाटलं होतं लोकांना काही प्रश्न विचारायचे असतील, म्हणून वही घेतली होती. काकांनी वही पिशवीत ठेवायला लावली. आम्ही एका चपलांच्या दुकानासमोर दगडावर बसलो आणि नुसते बघत राहिलो. मिरच्या विकणारी एक म्हातारी मोबाईल कानाला लावायच्या आधी तो पदराने पुसायची, दरवेळी. एक माणूस कोंबडी काखेत धरून एका हाताने फोन लावत होता, आणि कोंबडी हलली की त्याचा भलताच नंबर लागायचा. काका हळूच स्वतःचा अंगठा तसाच हलवून बघायचे. ऊन वर आलं, डोंगरांचा निळा रंग फिका झाला, बाजार भरला आणि ओसरला, आणि मी तिथे बसल्या बसल्या डुलकी काढली. उठले तेव्हा काका म्हणाले, "ताई, लोक स्क्रीन डोळ्यांनी वापरतच नाहीत. अंगाने वापरतात." परतीच्या एसटीत त्यांनी दिवसभरात पाहिलेली चौदा माणसं मला ओळीने करून दाखवली. कंडक्टर तिकीट द्यायचं विसरून बघत होता. त्या दिवसाइतका चांगला दिवस मला नोकरीने परत दिला नाही.

हे सगळं आज गोड वाटतं. तेव्हा नाही वाटायचं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला पुण्याला जायचं होतं.

द्राक्ष बागायतदारांसाठी आम्ही एक ॲप करत होतो. माल काढला की तो पॅकहाऊसला न्यायचा, तिथल्या शीतगृहात नंबर लावायचा. तो नंबर फोनवरून लावता यावा, एवढंच काम. ते सगळं माझं होतं, पहिलं स्वतंत्र काम. सर म्हणाले होते, वेळेत दिलंस तर पुढचे सहा महिने पुण्याच्या क्लायंटकडे तुलाच पाठवतो. मी एक महिना मान वर केली नाही. आणि काकांनी ते तीन दिवस अडवलं. तीन दिवस फळ्यावर एकच ओळ, 'थरथरत्या हाताचे आबा.' आबांचा अंगठा थरथरायचा, बटण एकाऐवजी दोनदा दाबलं जायचं आणि एकाच गाडीचे दोन नंबर लागायचे. म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी द्राक्षं उन्हात उभी. चूक खरी होती. आज मी ती लपवत नाही. पण तीन दिवसांनी मी ती दुरुस्त करून दिली तोवर पुण्याला दुसरा कोणीतरी गेला होता, आणि काका फळा पुसून शांतपणे तात्या झाले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती काही उतरेना.

त्याच सुमाराला सर कुठल्याशा कार्यक्रमाला जाऊन आले आणि त्यांच्या मनात आलं, की आपल्या लोकांना इथे काय आवडतं, काय आवडत नाही, हे विचारायचं. सर माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. मला बोलावून म्हणाले, "दोन प्रश्नांचा फॉर्म कर. निनावी. लोकांनी मोकळेपणाने लिहिलं पाहिजे. आजच कर." मी तासाभरात केला. नव्याने कशाला लिहायचं, म्हणून आमचा रजेच्या अर्जाचा जुना प्रोग्राम उचलला, त्यातल्या तारखा काढल्या, नावाचा रकाना काढला, आणि दोन प्रश्न घातले. असलं आम्ही रोज करतो. वर ठळक लिहिलं, 'नाव लिहू नये.'

शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी भरला. मीही भरला. आवडतं याच्या खाली काय लिहिलं ते आठवत नाही. आवडत नाही याच्या खाली लिहिलेलं अक्षर न अक्षर पाठ आहे. 'टेस्टिंगच्या काकांची नाटकं बंद करा. त्यांच्यामुळे कामं रखडतात. हे काम मशीन करू शकतं, माणसाची गरज नाही.' लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणंही आठवतं.

शनिवारी आमचं अर्धा दिवस ऑफिस. सर मुंबईला होते, सोमवारी येऊन उत्तरं उघडणार होते. खाली प्रेस मशीन बंद. मी आले तर फळा कोरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोणीतरी म्हणालं, काकांना बरं नसेल. बाराच्या सुमाराला काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, वेळ आहे?"

"बोला ना काका."

"एक चूक सापडलीय. नेहमीच्या यादीत लिहिली तर सरांना दिसते. न लिहिणं तर मला जमत नाही."

मला वाटलं परत द्राक्षं. मी तोंड वाकडं केलं असणार.

"तुमचा फॉर्म," ते म्हणाले. "आवडी-नावडीचा. मला कोणी तपासायला सांगितला नव्हता. पण मी भरला, आणि भरलेला कुठे जातो ते बघायला मागे गेलो. तिथे माझं नाव होतं."

क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. रजेच्या अर्जात कोण रजा मागतंय ते साठवावंच लागतं. मी नावाचा रकाना स्क्रीनवरून काढला होता. मागे तो तसाच चालू होता, आणि जो कोणी ऑफिसच्या संगणकावरून लिहील त्याचं नाव उत्तराशेजारी मुकाट्याने नोंदवत होता.

"सगळ्यांची नावं?"

"अडतीस."

"तुम्ही वाचलंत?"

काका खिडकीकडे बघत होते. "पहिली तीन-चार वाचेपर्यंत लक्षातच आलं नाही, की शेजारचं नाव लिहिणाऱ्याचं आहे. आलं तेव्हा थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. सगळी वाचली, ताई."

अडतीसांत माझं होतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं, राग, उपहास, काहीतरी. तिथे काही नव्हतं. फळ्यासारखाच चेहरा कोरा. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, काका, चुकले. मी काय म्हटलं? "मी नावं पुसते. दोन मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार नाही."

"नावं पुसून काय होतं? बाळंतपणाहून आलेली आपल्यात एकच. सिन्नरहून येणारा एकच. वाक्य वाचलं की माणूस दिसतो." मग म्हणाले, "आणि ज्यांचं आहे त्यांना कळायला नको?"

"मग काय करायचं?"

"पुसा सगळंच. तुम्ही केलंय, तुम्हीच पुसा. सरांशी मी बोलतो. तपासायचं काम माझं होतं, उशीर माझा झाला."

मी पुसलं. हात थरथरत होते, बटण दोनदा दाबलं गेलं असेल. काका आपल्या जागेवर गेले, फुलस्केप कागद काढले आणि लिहीत बसले. सगळे एक-एक करून गेले. मी निघाले तेव्हा ते अजून लिहीत होते, आणि त्या शांततेत त्यांच्या पेनचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला.

सोमवारी सर यायच्या आधी काका टेबलाटेबलाशी गेले. प्रत्येकाशी हळू आवाजात तेच. "त्या फॉर्ममध्ये नावं जात होती. तुमचं मी वाचलं. आता पुसलंय. तुमचं म्हणणं माझ्या नावाने सरांना सांगू का?" काहीजण हसून हो म्हणाले. सिन्नरहून येणारा आमचा सहकारी तापलाच. "काका, हे वाचलंत ते बरं नाही केलंत."

"नाही केलं," काका म्हणाले आणि उभे राहिले.

तो स्क्रीनकडे वळला. मग म्हणाला, "सांगा." बाळंतपणाहून आलेल्या मुलीने नुसती मान हलवली. प्रत्येक होकाराला काका कागदावर एक बारीक खूण करायचे. माझ्या टेबलाशी आले, आणि पुढे गेले. मला विचारलंच नाही. कबूल करते, मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, चला, माझं वाक्य शनिवारीच मेलं.

मीटिंगमध्ये काका उभे राहून म्हणाले, "सर, फॉर्म नापास झाला. त्यात नावं दिसत होती. म्हणून सगळी उत्तरं पुसली."

"पुसली? मला न विचारता?" सर लाल झाले. फॉर्म मी केला होता हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी माझ्याकडे नजरही वळवली नाही.

"तपासायला मला उशीर झाला, सर."

सर दोन मिनिटं बोलले. ते इथे लिहीत नाही. मग म्हणाले, "ठीक आहे. आत्ता कागदावर लिहा, नाव घालून. एका घरातली माणसं आपण, लपवायचं काय?" एका घरातल्या माणसांनी कागद घेतले आणि सदतीस जणांनी लिहिलं, सगळं छान आहे. मीही लिहिलं. सर एक-एक वाचत गेले, छान, छान, हेही छान, आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. शेवटी काकांचे चार फुलस्केप हातात आले. वर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सर मजेत मोठ्याने वाचायला लागले.

"मला आवडतं. इथून वीस मिनिटांत घरी पोचतो आणि मुलगी जागी असते." सरांनी वर बघितलं. काकांना मुलगी नव्हती. "दुपारी खालचं मशीन थांबतं ते आवडतं. आईच्या हातचा डबा गरम असतो ते आवडतं. माझ्या गावातल्या माणसाने मी केलेलं ॲप वापरताना पाहिलं, त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही, ते आवडतं." खोलीत चुळबूळ थांबली होती. प्रत्येकजण आपापलं वाक्य ऐकत होता. "मला आवडत नाही. मी सिन्नरहून येतो. सुटायच्या वेळी सर एक मिनिट म्हणतात, आणि माझी बस जाते." काका ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहायचे. सरांचा आवाज जरा खाली आला. "मला आवडत नाही. बाळासाठी दूध काढून ठेवायला जागा नाही. बाथरूममध्ये उभं राहून काढावं लागतं, आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवतं."

सर म्हणाले, "काका, हे तुम्ही?"

"हो सर. माझ्या नावाने आहे."

ती मुलगी मान खाली घालून बसली होती, पण मी तिच्या शेजारी होते. तिने माझा हात असा घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या.

सर वाचत राहिले. चौथ्या पानाच्या तळाशी आले. "मला आवडत नाही. टेस्टिंगला बसणारा माणूस कामं रखडवतो. द्राक्षाच्या कामातली चूक त्याला पहिल्याच दिवशी सापडली होती. त्याला नाटक पुरं करायचं होतं, म्हणून त्याने तीन दिवस लावले. नुकसान दुसऱ्या कोणाचं तरी झालं. त्याची नाटकं बंद करावीत. हे काम मशीन करू शकतं, माणसाची गरज नाही."

माझंच वाक्य. शेवटचे शब्द तर जसेच्या तसे. आणि मध्ये मला ठाऊक नसलेली गोष्ट, त्यांनी स्वतःहून घातलेली. पहिल्याच दिवशी सापडली होती.

"काका, हेही तुम्हालाच आवडत नाही?" सर हसले.

"हो सर. हेही."

सगळे हसले. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटावा तसे हसले. मीही हसले. उठून उभं राहायला किती वेळ लागतो? मी हसले.

सरांनी बऱ्याच गोष्टी केल्या, त्यांना नावं ठेवणार नाही. जुने संगणक ठेवायची खोली रिकामी करून तिला आतून कडी बसवली, आत एक खुर्ची आणि छोटा फ्रिज ठेवला. सिन्नरच्या बसची वेळ त्यांनी आपल्या केबिनमध्ये लिहून लावली. आणि द्राक्षाचा हंगाम संपता संपता मला आत बोलावून म्हणाले, "काकांचं काम मशीनवर बसव. दोन महिने घे. त्यांनी स्वतःच तर लिहून दिलंय."

दोन महिने मी काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. ते एक-एक माणूस मला द्यायचे आणि मी त्याचा प्रोग्राम लिहायची. तात्यांचे ओले हात म्हणजे वेड्यावाकड्या जागी वीस स्पर्श. सूनबाई म्हणजे एका हाताच्या अंगठ्याला पोचेल तेवढीच स्क्रीन. मावशी तर एका ओळीत मावल्या, अक्षराचा आकार. काकांनी काही हातचं राखलं नाही. उलट मी घाई केली की म्हणायचे, "थांबा ताई, तात्या इथे एकदा खोकतात. तेवढा वेळ सोडा." मी तेवढा वेळ सोडायची. त्या दिवसांत दुपारी मशीन थांबलं की आम्ही दोघंही खिडकीशी बसायचो. बोलायचो नाही. फळ्यावर ते काही लिहीत नव्हते, आणि सकाळी कोणी विचारतही नव्हतं.

शेवटच्या दिवशी पेढे वाटले, सरांनी शाल दिली. काका पिशवी घेऊन निघाले तेव्हा मी जिन्यातून त्यांच्याबरोबर खाली गेले. मधल्या वळणावर पाय अडले.

"काका, ते शेवटचं माझं होतं."

"माहीत आहे की."

"सगळ्यांना विचारलंत. मला नाही विचारलंत."

ते एक पायरी खाली उभे होते, म्हणून आमचे डोळे एका पातळीत आले. त्यांनी नेहमीसारखा नीट विचार केला. "ते माझ्याबद्दल होतं ना, ताई. म्हणून माझी परवानगी घेतली."

"आणि?"

"मी हो म्हटलं."

मला रडू आलं. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि माझं रडणं संपेपर्यंत जिन्यात उभे राहिले. घाई केली नाही. मग कोपऱ्यावर जाऊन शेअर रिक्षात बसले आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूला गेले.

मी वर आले ती सरळ सरांच्या केबिनमध्ये. दार वाजवायचंही भान राहिलं नाही. म्हटलं, "सर, काकांच्या कागदावरचं शेवटचं वाक्य त्यांचं नव्हतं. मी लिहिलं होतं. मशीन करू शकतं, माणसाची गरज नाही, ते."

सरांना आठवायला जरा वेळ लागला. मग त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली आणि कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "मग बरोबरच लिहिलं होतंस की."